ताईंच्या नावाचा अर्ज

ताई गेल्या त्याच्या तेराव्या दिवशी ठाण्याच्या नौपाड्यातल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरात आम्ही आठ-दहा जण बसलो होतो. चहा झाल्यावर बोलणे साहजिकच त्यांची आठवण कशी राखायची याकडे वळले. कोणी स्मृतिग्रंथ काढू म्हणाले, कोणी निबंधस्पर्धा सुचवली, तर शेजारच्या इमारतीतल्या काकांनी मासुंदा तलावाच्या काठी त्यांच्या नावाचा बाक बसवावा, असे फार मनापासून सांगितले. ते ऐकून ताईंची भाची त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच हसली. "मावशीला बाक कशाला, काका? ती तर इतकी वर्षे स्वतःची खुर्ची घेऊनच हिंडली," असे ती म्हणाली आणि बाक तिथेच राहिला. शिष्यवृत्तीची कल्पना कोणाची, हे आज कोणालाच नक्की आठवत नाही. मात्र ती राबवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण मी बँकेतून २००१ सालच्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडलेली, हिशेब जाणणारी आणि ताईंचे लेखन टंकून देणारी होते. पुढे जवळजवळ चौदा महिने हे काम चालले. त्यात काय काय झाले आणि माझ्या कोणत्या चुका उघड्या पडल्या, ते लिहून ठेवावे असे वाटले.

ताईंविषयी आधी थोडे सांगायला हवे. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला. पायांना आधारासाठी बांधायचे कॅलिपर आणि कुबड्या यांच्या आधाराने त्यांनी चाळीसएक वर्षे काढली, त्यातच बी. ए. केले, सरकारी नोकरी केली आणि लिहायला सुरुवात केली. पुढे चाकांची खुर्ची आली, आणि पन्नाशीनंतर तर त्यांचा उजवा हात हळूहळू दुबळा होत गेला. पोलिओतून वाचलेल्या मज्जापेशींनी मेलेल्यांचेही काम वर्षानुवर्षे उचललेले असते आणि त्या उतारवयात थकू लागतात. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, तेव्हा सगळीकडे आनंदाच्या बातम्या होत्या. ताईंनी त्या आठवड्यात लिहिले ते असे, की आजार गेला पण त्यातून वाचलेली माणसे अजून जिन्याखाली उभी आहेत. त्यांचा बहुतेक मजकूर डाव्या हाताने वहीत केलेल्या वाकड्या-तिकड्या टिपणांच्या आणि तोंडी सांगण्याच्या आधाराने मी टंकत असे. दिवाळी अंक, स्थानिक साप्ताहिके, माहितीच्या अधिकाराखालचे अर्ज आणि त्यांवरची अपिले, असा तो सगळा पसारा होता. त्यांच्या पिशवीत एक मोजपट्टी असायची. कुठल्याही कार्यालयात गेल्या, की आधी उताराची उंची आणि लांबी मोजून घ्यायच्या, कारण एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा व्हीलचेअरच्या उताराचा नियम आहे आणि तो न पाळलेला उतार म्हणजे घसरगुंडी, असे त्या म्हणत.

पैशांची बाजू लवकर सांगून टाकते. त्र्याण्णव जणांनी मिळून सात लाख चाळीस हजार रुपये दिले. त्यातली सर्वांत लहान देणगी एक्कावन्न रुपयांची होती आणि ती ताईंची खुर्ची घडी करून रिक्षाच्या मागे बांधणाऱ्या रिक्षावाल्यांनी दिली. स्वतंत्र संस्था काढावी असा आमचा पहिला विचार होता. पण त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि देणगीदारांच्या करसवलतीसाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी, असे सगळे करावे लागते. एवढ्याशा निधीच्या व्याजातला मोठा वाटा त्यातच गेला असता. म्हणून ठाण्यातल्याच एका जुन्या शैक्षणिक संस्थेकडे ही रक्कम कायम निधी म्हणून सोपवली आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, निवड आमच्या समितीने करायची, असा ठराव संस्थेच्या कार्यकारिणीकडून लेखी घेतला. सात टक्के व्याज धरले तर वर्षाला एक्कावन्न हजार आठशे रुपये येतात. त्यातून प्रत्येकी पंधरा हजारांच्या तीन शिष्यवृत्त्या देऊन उरलेले सहा हजार आठशे मुद्दलात परत टाकायचे ठरले, म्हणजे महागाईची थोडी तरी भरपाई होईल. बँकेत तीस वर्षे काढलेल्या बाईला हा भाग सोपा होता. अवघड भाग पुढे होता आणि तो मला अवघड वाटलाच नाही, हीच माझी पहिली चूक.

समितीच्या पहिल्या बैठकीला एक निवृत्त मुख्याध्यापक सर, एक वकील मैत्रीण, संस्थेचे एक प्रतिनिधी, भाची आणि मी असे पाच जण होतो. मी विषयपत्रिका वाचायला सुरुवात केली, तेव्हा भाचीने हात वर केला आणि विचारले, "आपल्यापैकी अपंग कोण आहे?" कोणीच नव्हते. जगभरच्या अपंगांच्या चळवळीने जी घोषणा पुढे आणली, की आमच्याशिवाय आमच्याबद्दल काही ठरवू नका, ती ताईंच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिकटवलेली होती. त्याच दारातून आत येऊन आम्ही पाच धडधाकट माणसे त्यांच्या नावाने निर्णय घ्यायला बसलो होतो. सरांना प्रश्न थोडा लागला, ते म्हणाले, की आपण सगळे ताईंच्या जवळचेच आहोत. त्यावर भाची काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला संस्थेचे प्रतिनिधी निरीक्षक म्हणून राहिले, वकील मैत्रिणीने आपली जागा सोडून केवळ सल्ल्यापुरते येण्याचे मान्य केले, आणि समितीत तिघे नवीन आले: कुबड्या वापरणारे एक प्राध्यापक, पूर्ण अंध असलेली एक फिजिओथेरपिस्ट आणि कर्णबधिर मुलांना शिकवणाऱ्या, स्वतः श्रवणयंत्र लावणाऱ्या वाशीच्या एक शिक्षिका. बैठकीचा वेळ यामुळे दुप्पट झाला. एका वेळी एकानेच बोलायचे, बोलण्याआधी नाव सांगायचे, कागदावर काय आहे ते मोठ्याने वाचायचे, या सवयी आम्हाला लावून घ्याव्या लागल्या.

अर्जाचा पहिला मसुदा मी एकटीनेच करून आणला होता. दोन-तीन प्रसिद्ध शिष्यवृत्त्यांचे अर्ज समोर ठेवून मी चार पाने तयार केली. त्यात गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, एका प्रतिष्ठित व्यक्तीचे शिफारसपत्र, पूर्ण उंचीचे छायाचित्र आणि शेवटी पाचशे शब्दांचा निबंध: 'अपंगत्वावर मी कशी मात केली'. मला तो मसुदा नीटनेटका वाटत होता. भाचीने तो वाचला, काही न बोलता आत गेली आणि एका दिवाळी अंकाचे कात्रण आणून माझ्यापुढे ठेवले. तो २००९ सालचा ताईंचा लेख होता आणि तो मीच टंकला होता. त्यात ताईंनी महाविद्यालयात असताना मिळालेल्या एका खाजगी शिष्यवृत्तीची मुलाखत सांगितली होती. पाच देणगीदार टेबलामागे बसलेले, प्रश्न दोनच विचारले गेले, आणि मग त्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितले, कारण देणगीदारांना कॅलिपर नीट पाहायचे होते. शिष्यवृत्ती मिळाली; तिच्या पैशांतून त्यांनी शब्दकोश घेतला आणि त्याच्या पहिल्या पानावर आपले नाव घालायला त्यांचा हात झाला नाही. हा मजकूर माझ्या बोटांखालून गेला होता. तरीही पूर्ण उंचीचे छायाचित्र मागताना तो मला आठवला नाही.

'मात' या शब्दावर ताईंचा राग होता. ऑस्ट्रेलियातली पत्रकार स्टेला यंग, जी स्वतः व्हीलचेअर वापरत असे आणि २०१४ मध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेली, तिचे एक म्हणणे त्या वारंवार सांगत: जिन्याकडे पाहून कितीही हसलो तरी त्याचा उतार होत नाही. त्याला जोडून त्या दिल्लीची गोष्ट सांगत. २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले, तेव्हा अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केल्यामुळे काही ऐतिहासिक वास्तूंना लाकडी तात्पुरते उतार बसवले गेले. म्हणजे पाहुणा मोठा असला की पायरीवर उपाय थोड्या दिवसांत निघतो, तर मग मात कोणी कोणावर करायची, असा त्यांचा प्रश्न असे. अबिदींच्या नावाने आता एक फेलोशिप दिली जाते, हे कळले तेव्हा त्यांना बरे वाटले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी मला सांगितले होते, की माझ्या नावाने काही केलेस तर निबंध मागू नकोस. ते वाक्य मला आठवले, पण मसुदा खोडून झाल्यावर.

दुसऱ्या मसुद्यातून छायाचित्र, शिफारसपत्र आणि निबंध गेले. त्यांच्या जागी एकच प्रश्न आला: पुढच्या वर्षभरात शिकताना कोणत्या गोष्टीला पैसे लागणार आहेत, ज्यांची सोय दुसरीकडून होत नाही? हा प्रश्न प्राध्यापकांचा. केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून पुढे मिळते, राज्याच्याही योजना आहेत. आपले पंधरा हजार त्या रकमांत बुडून जाता कामा नयेत, सरकारी तक्त्यात ज्याला रकाना नाही अशा खर्चाला ते लागले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. सरांना मात्र निबंध जाणे पटले नाही. मुलांना व्यक्त होता आले पाहिजे, असे ते बराच वेळ सांगत राहिले. त्यांचा हेतू चांगला होता, पण व्यक्त होण्याची सक्ती पैशांच्या बदल्यात करू नये, यावर बाकीचे ठाम राहिले.

शब्दाचा वाद त्याहून लांबला. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, तो सरकारी कागदांत रुळला, आणि महाराष्ट्रात २०२२ च्या अखेरीस स्थापन झालेल्या स्वतंत्र विभागाचे नावही दिव्यांग कल्याण विभाग असेच आहे. ताई मात्र अखेरपर्यंत 'अपंग' लिहीत राहिल्या. माझ्या पायात दिव्य काही नाही, पोलिओ आहे, असे त्या म्हणत. फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीचे मत वेगळे होते: आपल्याला लहानपणापासून 'आंधळी' म्हणून हाक मारली गेली, त्यामानाने दिव्यांग ऐकायला बरे वाटते, आणि ताईंना न आवडणारा शब्द आम्हाला आवडू नये असे थोडेच आहे. हे ऐकून मी थोडी चपापले, कारण ताईंची आवड म्हणजेच अपंगांची आवड असे मी धरून चालले होते. शेवटी शिष्यवृत्तीच्या नावात ताईंचे नाव आणि 'शिक्षणसाहाय्य' एवढेच ठेवले, कायद्याचा उल्लेख जिथे आवश्यक होता तिथे कायद्यातला शब्द वापरला आणि अर्जात एक ओळ मोकळी ठेवली: स्वतःसाठी तुम्ही कोणता शब्द वापरता? ऐरोलीच्या एका मुलीने तिथे लिहिले, 'कर्णबधिर. मूकबधिर लिहू नये.'

मग टक्केवारी आली. अपंग माणसाला भेटल्यावर सरकारी टेबलावरचा पहिला प्रश्न 'किती टक्के?' हाच असतो. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच आरक्षणासारखे लाभ मिळतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळे आले. सरांना अध्ययन अक्षमतेबद्दल शंका होती. त्यांच्या शाळेत अशा मुलांना 'अभ्यासात कच्ची' म्हणत आणि बाकीच्यांसारखेच मारत, असे त्यांनीच सांगितले आणि सांगता सांगता गप्प झाले. चाळीसची अट ठेवावी की नाही यावर वकील मैत्रिणीने फेब्रुवारी २०२१ चा विकास कुमार प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावून सांगितला. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला परीक्षेत उत्तरे लिहून देणारा लेखनिक नाकारला गेला होता, आणि लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्क्यांवरच्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. आम्ही टक्क्यांची अट काढली. प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचे सरकारी ओळखपत्र, असेल तर जोडावे, नसेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे किंवा शाळेचे पत्र चालेल, असे ठेवले. कारण प्रमाणपत्रासाठी रुग्णालयाच्या रांगेत दिवस घालवणे म्हणजे काय, हे ताईंबरोबर तीनदा जाऊन मी स्वतः पाहिले होते.

आता माझ्या सर्वांत मोठ्या चुकीकडे येते. अर्ज कागदावर, ऑनलाइन, फोनवर बोलून किंवा आवाज अथवा खुणांच्या भाषेतला व्हिडिओ पाठवून, यांपैकी कसाही करता येईल, असे आम्ही जाहीर केले. वाशीच्या महापालिकेच्या अपंगांसाठीच्या ईटीसी केंद्रात येणाऱ्या पालकांपर्यंत, ठाणे-कळव्याच्या महाविद्यालयांपर्यंत आणि ओळखीच्या शिक्षकांपर्यंत माहिती पोचवली. चौथ्या दिवशी ठाण्याजवळच्या दिव्याहून एका मुलाचा फोन आला. तो पूर्ण अंध, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. अर्जाबद्दल त्याला काही विचारायचे नव्हते. "काकू, ज्यांच्या नावाने हे आहे, त्यांचं काही वाचायला मिळेल का?" असे त्याने विचारले. मला भरून आले. मी त्याच रात्री संगणकातल्या ताईंच्या एकशे बारा लेखांपैकी वीस निवडून त्याला पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, फार संकोचून लिहिलेला: लेख उघडतात, पण पडद्यावरचे वाचून ऐकवणारा स्क्रीन रीडर त्यातले काहीच वाचत नाही, नुसती इंग्रजी अक्षरे बडबडतो.

कारण समजायला मला दोन दिवस लागले. मी सारे लेख जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकले होते. त्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे. त्यांच्यावर देवनागरीची चित्रे चढवलेली असतात इतकेच. मी 'कमल' टंकले की डोळ्यांना 'कमल' दिसते, संगणकाला मात्र डी, ई, वाय ही तीन अक्षरे मिळतात आणि स्क्रीन रीडर बिचारा तीच वाचतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून ते ऐकता येते, शोधता येते, ब्रेलमध्ये बदलता येते. युनिकोड माझ्या संगणकात कित्येक वर्षे होते. संपादकांना जुनाच फाँट हवा असे आणि माझ्या बोटांना तीच कळपाटी पाठ होती, म्हणून मी बदलले नाही. पायरी कुठे आहे हे ज्या बाईने जन्मभर दाखवले, तिच्या एकशे बारा लेखांना मी माझ्या हाताने पायरी बांधून ठेवली होती. हे मी समितीत सांगितले तेव्हा फिजिओथेरपिस्ट मैत्रीण म्हणाली, "मला वाटायचं, ताईंचे लेख तुम्ही मला मुद्दाम वाचून दाखवता, प्रेमाने." तिने ते गंमतीत म्हटले होते, पण मला त्या रात्री झोप आली नाही.

मग रूपांतर सुरू झाले. फाँट बदलून देणारी तयार साधने आहेत, पण मला मिळालेले साधन हिंदीच्या हिशेबाने बनवलेले होते आणि मराठीचा जो खास अर्धा र आहे, तो त्याला माहीत नव्हता. त्यामुळे 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कोपऱ्यात' या सगळ्यांतला र गळाला. ताईंच्या लेखनात सर्वांत जास्त येणारा शब्द 'पायऱ्या'. त्याचा सगळीकडे 'पायया' झाला. ऱ्हस्व वेलांट्या एक घर सरकल्या, जोडाक्षरे फुटली. डोळ्यांनी तपासताना मन ती चूक आपोआप दुरुस्त करून वाचते आणि पुढे जाते, हे मला चार लेखांनंतर कळले. कानाला ती सवलत नसते. म्हणून दिव्याच्या त्या मुलालाच विचारले आणि तो दर रविवारी दोन तास फोनवर बसू लागला; तो ऐकायचा, थांबवायचा, मी दुरुस्त करायची. या कामाचे मानधन त्याला वेगळे द्यायचे आणि निवडीशी त्याचा संबंध ठेवायचा नाही, असे समितीने लिहून ठेवले. त्याच्या अर्जावर चर्चा झाली तेव्हा मी बाहेर बसले.

एकूण एक्केचाळीस अर्ज आले. अकरा जणांना आम्ही भेटलो, तेही ताईंच्या घरी, कारण त्या दाराला दहा इंचांच्या पायरीसाठी दहा फूट लांबीचा नियमात बसणारा उतार आहे. तो बांधताना दोन स्कूटरची जागा गेली म्हणून सोसायटीत वर्षभर अबोला होता. खर्चाच्या प्रश्नाची उत्तरे वाचताना आम्हाला पुष्कळ शिकायला मिळाले. लेखनिकाचेच उदाहरण घ्या. २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तेव्हा तासाला किमान वीस मिनिटे जादा मिळत, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होई. उमेदवाराने आपला लेखनिक आणला तर तो एक पायरी खालच्या शिक्षणाचा लागे, म्हणजे बहुधा विद्यार्थीच, आणि त्याच्या परीक्षाही त्याच सुमारास असत. मिळालाच तर त्याचे जाणे-येणे, दुपारचे जेवण हे कोणी द्यायचे? ऐरोलीच्या मुलीने श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांचा हिशेब दिला होता: त्यांवरचा कागद काढला की हवा लागून त्या सुरू होतात आणि यंत्र बंद ठेवले तरी उतरत राहतात, शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात यंत्रात दमट हवा शिरते, ते सुकवायची डबी वेगळी घ्यावी लागते. कोपरखैरण्याच्या थॅलेसेमिया असलेल्या मुलीला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्या दिवसांचे तास बुडतात, उपस्थिती कमी भरते. तिला पैसे हवे होते ते बुडालेले धडे घरी येऊन समजावणाऱ्या, वर्षाने पुढे असलेल्या एका मुलीला देण्यासाठी. फाटलेल्या वहीच्या पानावर तिने तासांचा हिशेब मांडला होता, आणि तो माझ्या बँकेतल्या कित्येक साहेबांपेक्षा चोख होता.

निवडीत सरांनी गुणांचा आग्रह धरला, प्राध्यापकांनी उत्पन्नाचा, भाचीने गरजेच्या नेमकेपणाचा. दोन बैठका त्यात गेल्या. शेवटी या दोघी मुली आणि दिव्याचा मुलगा अशी तीन नावे ठरली. एक नाव मात्र मला अजून टोचते. कळव्याच्या एका मुलाला विजेवर चालणाऱ्या खुर्चीच्या बॅटऱ्या बदलायच्या होत्या. तो खर्च आमच्या रकमेच्या दुपटीवर होता आणि अपुरे पैसे देऊन काय उपयोग, असे म्हणून आम्ही तो अर्ज बाजूला ठेवला. अपुरे पैसे त्याला चालतील का, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. पुढच्या वर्षीपासून तसे विचारायचे असा ठराव आता केला आहे, पण त्या मुलाचे ते वर्ष गेले.

कार्यक्रमासाठी एक सभागृह पाहिले होते. व्यासपीठाला चार पायऱ्या होत्या आणि तिथले व्यवस्थापक अतिशय नम्रपणे म्हणाले, की चारच तर आहेत, आमची मुले उचलून घेतील. उचलून घेतले जाणे ही ताईंच्या आयुष्यातली सर्वांत नावडती गोष्ट होती. तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि गोल करून बसलो. पैसे आधीच थेट खात्यांत जमा झाले होते, त्यामुळे हातात द्यायला काही नव्हते आणि छायाचित्र काढण्याजोगेही काही घडले नाही. वाशीच्या शिक्षिका ऐरोलीच्या मुलीसाठी खुणा करत होत्या. भाचीने सुचवले, की ताईंचे काहीतरी वाचावे, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, पण दिव्याचा मुलगा म्हणाला, "मी वाचू?"

त्याने एका कानात इअरफोन घातला आणि ऐकत ऐकत, अर्ध्या श्वासाच्या अंतराने, मोठ्याने म्हणू लागला. तो २००९ चाच लेख होता. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीनंतर ताई महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जायला निघतात आणि जिन्याच्या पायऱ्या कुबड्या टेकत मोजत जातात, असा तो भाग. 'पायऱ्या' हा शब्द प्रत्येक वेळी पूर्ण उमटत होता आणि मी प्रत्येक वेळी सुटकेचा श्वास टाकत होते. लेख संपत आला तेव्हा तो थांबला. मागे गेला, पुन्हा ऐकले.

"काकू, वर एकोणतीस पायऱ्या म्हटल्या आहेत आणि इथे सव्वीस."

चूक फाँटची नव्हती. ताईंचा डाव्या हाताने काढलेला नऊ आणि सहा एकसारखा दिसे, मी वहीतून उतरवताना एकदा हा वाचला, एकदा तो. छापूनही तसेच आले आणि इतक्या वर्षांत कोणाच्याच ध्यानात आले नाही. वही आत कपाटात होती, मी उठू लागले. वहीत पाहूनही काय कळणार होते, हेही मला माहीत होते.

"बघायला नको," तो म्हणाला. "मी त्याच कॉलेजात आहे. लायब्ररीपर्यंत एकोणतीस आहेत, रोज मोजतच चढतो."

मी पर्समधून पेन काढले आणि जवळच्या छापील प्रतीवर सहाचा नऊ केला.